गाडीचा आवाज बदलतो तेव्हा

चिमूरच्या बाजारपेठेत मोटारसायकल हा दुकानाचाच एक भाग असतो. भिसी, नेरी, शंकरपूर या गावांकडे मालाची मागणी घेण्यासाठी आणि उधारीच्या वसुलीसाठी घरातील तरुण याच गाडीवर जातात. कोलारा किंवा खडसंगीच्या बाजूला गेले, की ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल लागते. त्या रस्त्यावर दिवस मावळताना चेन तुटून गाडी उभी राहिली, तर चिंता दुरुस्तीच्या खर्चापुरती राहत नाही. मात्र असा बिघाड सहसा एका दिवसात होत नाही. कित्येक दिवस आधीपासून गाडीचा आवाज बदललेला असतो आणि घाईत कोणी तो ऐकलेला नसतो.

पूर्वी या भागात राजदूत, येझदी यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्या धावत. त्यांच्या इंजिनात व्हॉल्व्ह नसल्यामुळे टॅपेटच्या आवाजाचा प्रश्नच नव्हता. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, फोर-स्ट्रोक इंजिन घरोघर पोहोचले आणि ऐकण्याचे शास्त्रही बदलले. 2020 पासून बीएस-6 नियमांमुळे बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. अशा गाडीत चावी फिरवताच क्षणभर येणारी पेट्रोल पंपाची गुणगुण हा दोष नव्हे. आपल्या गाडीचा निरोगी आवाज ओळखीचा असेल, तरच त्यातील बदल लक्षात येतो.

किर्दीत फरक आढळला, तर जाणता मुनीम सगळी वही खोडत नाही. फरक कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या खात्यात आहे, हे आधी शोधतो. येथेही तीच रीत उपयोगी पडते. गाडी सपाट जागी उभी करून प्रथम इंजिन ऑइलची पातळी पाहावी. ऑइल कमी असेल, तर बरेच आवाज त्यातूनच उद्भवतात. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन सुरू करावे आणि हळूहळू रेस द्यावी. उभ्या गाडीत आवाज येऊन तो रेसबरोबर वाढत असेल, तर उगम इंजिनच्या बाजूला आहे. गाडी चालतानाच येऊन वेगाबरोबर वाढत असेल, तर चेन, चाकाचे बेअरिंग किंवा ब्रेक तपासावेत.

इंजिनच्या हेडमधून एकसारखी बारीक टिकटिक येत असेल, तर टॅपेटची फट वाढलेली असण्याचा संभव आहे. ही फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. ती इंजिन थंड असताना फिलर गेजने मोजूनच लावावी. कान तृप्त होईपर्यंत टॅपेट आवळणे घातक ठरते. फट उरली नाही, तर आवाज थांबतो खरा, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळू लागतो. इंजिनच्या बाजूने येणारी खरखर बहुधा टायमिंग चेन सैल झाल्याचे सांगते. थंड इंजिनात येणारी आणि गरम झाल्यावर मावळणारी टकटक पिस्टनची असू शकते. चढावर मोठ्या गिअरमध्ये इंजिन ओढू लागल्यास धातूचा किणकिण आवाज येतो. अशा वेळी गिअर उतरवावा. तरीही तो थांबला नाही, तर पेट्रोलची प्रत आणि आत साचलेला कार्बन तपासून घ्यावा. खोलवरून जड ठकठक ऐकू आली, तर ती कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची असू शकते. तेव्हा इंजिन ताबडतोब बंद करावे आणि 'घरापर्यंत जाऊ' हा मोह टाळावा.

पावसाळ्यात चेनवरील वंगण धुऊन जाते आणि चिखलाने ती कुरकुरू लागते. सैल चेन स्प्रॉकेटवर आपटते, तर फार ताठ चेन बेअरिंगवर भार टाकते. म्हणून पुस्तिकेत दिलेला ढिलेपणाच राखावा. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकले असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलणे हिताचे असते. वेगाबरोबर वाढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगकडे बोट दाखवते. ब्रेक दाबताच धातू घासल्याचा आवाज येणे, हे ब्रेक शू संपल्याचे लक्षण असू शकते. पुढचा ब्रेक धरून गाडी मागेपुढे हलवताना हँडलपाशी खट् असा आवाज झाला, तर कोन सेट तपासावा.

अनुभवी मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनच्या आवरणावर टेकवून दांडा कानाशी धरतो आणि आवाजाची जागा हेरतो. हे काम नवख्याने करू नये. फिरती चेन आणि तापलेला सायलेन्सर दोन्ही इजा करतात. मालकाने मात्र मिस्त्रीकडे जाताना चार गोष्टी कागदावर नेमक्या लिहून न्याव्यात: आवाज केव्हापासून येतो, थंड इंजिनात की गरम, उभ्या गाडीत की चालत्या, आणि क्लच दाबल्यावर त्यात काय फरक पडतो. एवढ्या माहितीवर निदान लवकर होते. अन्यथा अंदाजाने एकेक भाग बदलला जातो, बिल वाढते आणि आवाज तसाच राहतो.

सकाळी दुकानाचे कुलूप उघडण्यापूर्वी दोन मिनिटे गाडी सुरू करून ऐकण्याची सवय घरातील तरुणांना लावावी. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासाठी ज्या घरात त्यांची वाट पाहिली जाते, त्या घराला ही दोन मिनिटे महाग नाहीत.