टेबलावरचे सहा सेल

जुन्या, जाड लॅपटॉपची बॅटरी ‘गेली’ म्हणून भंगारात येते, तेव्हा बहुतेकदा ती पुरती गेलेली नसते. प्लास्टिकचे कवच शिवणीवर उकलले की आत सहा गोल नळकांडी दिसतात, निकेलच्या पट्ट्यांनी डाग देऊन जोडलेली. दोन-दोनच्या तीन जोड्या, एकीला लागून दुसरी. त्यातली एक जोडी बसली की आतले सर्किट सगळ्या पॅकला कुलूप घालते आणि उरलेल्या चार धडधाकट सेलनाही भंगाराची वाट धरावी लागते.

या नळकांड्याला १८६५० म्हणतात. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचे शून्य गोल आकाराचे. सोनीने १९९१मध्ये लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली आणि तिच्या मुळाशी असलेल्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे हे माप इतके रुळले की टेस्लाच्या पहिल्या रोडस्टर मोटारीत असे ६,८३१ सेल होते.

आयबीएमच्या भारतातल्या संशोधकांनी टाकून दिलेल्या लॅपटॉप बॅटऱ्या तपासल्या, तेव्हा त्यांतल्या किमान ७० टक्के बॅटऱ्या एक एलईडी दिवा रोज चार तासांहून जास्त, वर्षभर पेटता ठेवू शकतील असे त्यांना आढळले. या सेलवर चालणारे एक साधन त्यांनी २०१४मध्ये मांडले आणि बंगळुरूत वापरून पाहिले. ऊर्जा आणि जार हे दोन शब्द जोडून त्यांनी त्याचे नाव ‘ऊर्जार’ ठेवले. हे वाचल्यापासून भंगाराच्या दुकानासमोर माझी पावले थबकतात. पण सुटा सेल हातात आला की पहिला प्रश्न असतो, हा कोण? आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत त्याला चार्जर दाखवायचा नाही, हा माझ्या टेबलावरचा एकमेव कडक नियम आहे.

सेल सुटा करतानाच पहिली चूक होते. सेलचे अख्खे धातूचे डबडे मायनस असते आणि ते वर वळून प्लसच्या बटणाभोवती कडे करते. दोहोंमध्ये उरते ती केसाएवढी फट आणि तिच्यावर झाकलेले पातळ वेष्टन. पट्टी उचकटताना पेचकस घसरला, वेष्टन फाटले, की जागच्या जागी शॉर्ट. म्हणून हातातली अंगठी आणि घड्याळ आधी बाजूला ठेवावे, पट्टी कटरने कापावी आणि उरलेला तुकडा पक्कडीने हळूहळू सोलावा. फाटके वेष्टन तसेच ठेवू नये. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गरम केल्यावर आक्रसणारी नळी मिळते, ती नव्याने चढवावी. डबडे चेपलेले असेल, गंज चढला असेल किंवा गोडसर, औषधासारखा वास येत असेल, तर त्या सेलची तपासणी तिथेच संपली.

मग अक्षरे वाचायची. आयसीआर म्हणजे कोबाल्टचा, आयएनआर निकेलचा, आयएमआर मँगनीजचा, आयएफआर लोह-फॉस्फेटचा. सुरुवातीचा ‘आय’ लिथियम-आयनचा, शेवटचा ‘आर’ गोल आकाराचा. मापाच्या आकड्याआधी नुसते सीआर किंवा ईआर असेल, तर हात आवरावा. हे एकदाच वापरायचे लिथियम सेल आहेत, त्यांना चार्ज करायचे नसते. मला सर्वांत जास्त धास्ती ईआरची वाटते. पाण्याच्या मीटरमधून निघणारा ईआर १४५०५ आकाराने आपल्या पेन्सिल सेलएवढाच असतो आणि मल्टिमीटरवर ३.६ व्होल्ट दाखवतो, म्हणजे अर्ध्या भरलेल्या लिथियम-आयनसारखाच. चार्जरवर चढवला तर तो फुटू शकतो. नुसत्या व्होल्टेजवर भिस्त ठेवणाऱ्याला तो हमखास फसवतो. ज्याच्यावरची अक्षरे पुसली गेली आहेत आणि जो कोणत्या यंत्रातून निघाला तेही कळत नाही, असा सेल मी चार्ज करत नाही.

व्होल्टेज पाहायचे ते यानंतर. १.२ ते १.४ व्होल्ट दाखवणारा, चार्ज होणारा म्हणून लिहिलेला सेल निकेलच्या कुळातला, पण लिथियम-आयन नसलेला. त्याला लिथियमच्या चार्जरवर कधीही लावू नये. क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका करंट चौदा ते सोळा तास दिला की त्याचे काम होते. लिथियम-आयन कोबाल्टचा असो की निकेलचा, तो साधारण ३ ते ४.२ व्होल्टच्या मध्ये कुठेतरी सापडतो.

अडचण येते ती ३.३ व्होल्टपाशी. सौर पथदिव्यातून निघालेले काही सेल एकदा माझ्याकडे आले. वेष्टने उन्हाने उडालेली, मीटरवर सगळे ३.३. लॅपटॉपचे रिकामे झालेले सेल समजून मी त्यांना ४.२ व्होल्टच्या चार्जरवर ठेवणार होतो. तेवढ्यात एकावर ‘एफ’ हे अर्धे अक्षर दिसले. ते लोह-फॉस्फेटचे होते. त्यांची हद्द ३.६५ व्होल्टला संपते. आता संशय आला की मी चार्जरचे व्होल्टेज ३.६वर बांधतो, अगदी थोडा करंट देतो आणि काटा बघत बसतो. कोबाल्टचा सेल हळूहळू ३.४, ३.५ असा चढत राहतो. लोह-फॉस्फेटचा ३.३-३.४च्या पठारावर तासन्‌तास चालत राहतो, वर चढायचे नावच घेत नाही. दोघांचा स्वभाव असा डोळ्यांदेखत वेगळा होताना पाहण्याचे मला आजही अप्रूप वाटते.

दोन व्होल्टच्या खाली गेलेल्या लिथियम-आयन सेलची दया करू नये. इतक्या उपाशी राहिलेल्या सेलमध्ये मायनस बाजूची तांब्याची पत्री विरघळू लागते. पुन्हा चार्ज केल्यावर ते तांबे भलत्या जागी जमते आणि सेलच्या पोटातच शॉर्ट होऊ शकतो. तो चार्ज झाल्यासारखा वाटतो, कदाचित महिनाभर चालतोही. धोका तिथेच आहे.

पास झालेल्या सेलला पहिले चार्जिंग सावकाश, अर्ध्या अँपिअरच्या आत. आधी ठरलेला करंट, मग ४.२ला व्होल्टेज रोखून करंट आपोआप उतरू द्यायचा. काही सेलवर ४.३५ लिहिलेले असते. तरी मी वापरलेल्या सेलला ४.१वरच थांबवतो. दहाएक टक्के क्षमता सोडावी लागते, पण सेलचे आयुष्य वाढते. सेल मातीच्या कुंडीत, गच्चीच्या दाराशी ठेवतो आणि पूर्ण वेळ तिथेच बसतो. दर दहा मिनिटांनी हात लावून बघायचे. एवढ्या कमी करंटला जो कोमट होतो, तो बाद.

नंतर त्याला तीन व्होल्टपर्यंत उतरवून, किती मिलिअँपिअर-तास दिले ते मोजायचे. छापलेल्या आकड्याच्या ८० टक्के आले तर समाधान मानावे. छापलेला आकडा ९८०० असेल, तर मोजायचीही गरज नाही. या मापात सर्रास मिळणारे चांगले सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात.

आणि शेवटी महिनाभर काहीच करायचे नाही. सेल भरून, वेष्टनावर तारीख आणि व्होल्टेज लिहून, फडताळात ठेवायचा. ही परीक्षा लोक टाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यांत खरी. पोटात बारीक गळती असलेला सेल चार्जरवर आणि क्षमतेच्या चाचणीत पास होतो. चार आठवडे एकटा राहिला की मात्र उघडा पडतो.

मागच्या पॅकमधले दोन सेल पहिल्याच दिवशी दोन व्होल्टच्या खाली निघाले. त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते वेगळ्या डब्यात ठेवले. बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे डबा भरला की तो ई-कचरा घेणाऱ्यांकडे जातो, घंटागाडीत नाही. उरलेले चार महिनाभर फडताळात होते. काल मोजले. सगळे ४.१०वर ठेवले होते. तीन सेल ४.०८, ४.०८, ४.०७. चौथा ३.९१. त्याच्यावर मार्करने फुली मारली.