शॅकल्टनचा हिशेब

अर्नेस्ट शॅकल्टनचं जहाज 'एन्ड्युरन्स' बर्फात बुडालं आणि तरीही त्यावरची २८ च्या २८ माणसं जिवंत परतली. नेतृत्वाच्या शिबिरांत ही गोष्ट हटकून सांगतात. गोष्ट खरी आहे, पण १९१४ ते १९१७ चा जमाखर्च एवढ्यावर संपत नाही.

आधी त्याची जमेची बाजू. जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रात जहाज अडकलं, ऑक्टोबरअखेर ते सोडावं लागलं. बर्फावर झोपायला रेनडिअरच्या कातड्याच्या उबदार पिशव्या होत्या फक्त १८. बाकीच्यांच्या वाट्याला लोकरीच्या. चिठ्ठ्या टाकल्या, तर साहेब लोकांना नेमकी लोकर निघाली! चिठ्ठ्यांत काहीतरी गडबड होती हे खलाशांनी ओळखलं, पण तक्रार कोण कशाला करेल? ओझं कमी करताना शॅकल्टनने सोन्याची नाणी बर्फात फेकली. सहकारी हसीचा बँजो मात्र बरोबर घ्यायला लावला. अशा माणसामागून लोक जातात, यात नवल नाही.

हॅरी मॅकनिश मात्र अडला. हा जहाजावरचा सुतार, तिरसट स्कॉटिश माणूस. डिसेंबरात ओल्या बर्फातून होड्या ओढायला त्याने साफ नकार दिला. जहाजच नाही, तर करार कुठला, असा त्याचा सवाल. शॅकल्टनने त्याला गप्प केलं, पण मनात डूख धरला.

पुढे होड्यांतून सगळे एलिफंट बेटावर पोचले. एप्रिल १९१६ मध्ये तिथून मदत आणायला दक्षिण जॉर्जियापर्यंत, सुमारे १३०० किलोमीटर, सातेक मीटरच्या होडीतून जायची वेळ आली, तेव्हा गरज याच सुताराची लागली. स्लेजच्या पट्ट्या, खोक्यांची झाकणं आणि कॅनव्हास यांचं त्याने होडीवर छत केलं. फटी बुजवल्या दिव्याच्या वाती, चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचं रक्त वापरून. दक्षिण जॉर्जियाचे डोंगर ओलांडणाऱ्या तिघांच्या बुटांना पकड यावी म्हणून त्याने होडीचेच स्क्रू तळव्यांना ठोकले. सगळे सुटले. पुढे ध्रुवीय पदकं वाटली गेली, तेव्हा शॅकल्टनने ज्या चौघांची शिफारस केली नाही, त्यांत मॅकनिश होता. माझ्या मते हा निव्वळ कोतेपणा.

खर्चाची दुसरी बाजू खंडाच्या पलीकडच्या टोकाला आहे. शॅकल्टन अंटार्क्टिका ओलांडून येईल, त्याला वाटेत शिधा मिळावा, म्हणून रॉस समुद्राकडून दुसरी तुकडी साठे पेरत होती. मे १९१५ च्या वादळात त्यांचं 'अरोरा' जहाज वाहून गेलं. किनाऱ्यावर अडकलेल्या दहा जणांनी जुन्या मोहिमांच्या उरल्यासुरल्या सामानावर गुजराण केली आणि ठरलेले साठे पोचवलेच. शॅकल्टन त्या वाटेला फिरकलाच नाही. त्या दहांतला स्पेन्सर-स्मिथ स्कर्व्हीने गेला. त्यांतलेच मॅकिंटॉश आणि हेवर्ड कच्च्या समुद्रबर्फावरून निघाले, ते दिसेनासे झाले.

तेव्हा यापुढे कुणी व्यासपीठावरून सांगू लागलं, की शॅकल्टनने एकही माणूस गमावला नाही, तर ही तीन नावं त्याला जरूर ऐकवा.