टाक्याटाक्यांतील माया

प्रस्तावना

बारसे, वाढदिवस, लग्न, सण अशा निमित्तांनी आपण एकमेकांना भेटवस्तू देतो. 'फूल ना फुलाची पाकळी' असे म्हणून ऐपतीप्रमाणे काही ना काही देण्याची आपल्याकडे रीत आहे. आज बाजारातून वस्तू विकत आणणे सोपे झाले आहे. तरीही आईने शिवलेले पांघरूण, आजीने भरलेला रुमाल किंवा मैत्रिणीने स्वतःच्या हाताने शिवून दिलेली पिशवी जुनी झाली, तिचा रंग उडाला, तरी ती टाकून द्यावीशी वाटत नाही. असे का होत असेल? दुकानातून आणलेल्या वस्तूत जे नसते, असे या वस्तूंत काय असते? प्रस्तुत पाठात हाताने शिवलेल्या आणि भरतकाम केलेल्या भेटवस्तूंची माहिती घेत या प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे.

बाळंतविडा

महाराष्ट्रात पहिल्या बाळंतपणासाठी मुलीने माहेरी येण्याची प्रथा आहे. मुलगी घरी आली की घरातील स्त्रिया जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची गाठोडी सोडतात. येणाऱ्या बाळासाठी झबली, टोपरी, लंगोट, कुंची आणि दुपटी शिवायची असतात. या सर्व कपड्यांच्या संचाला 'बाळंतविडा' असे म्हणतात. कुंची डोक्यावर टोपीसारखी बसते आणि मागे पाठीवर उतरते. त्यामुळे बाळाचे डोके, कान आणि पाठ एकाच वेळी झाकली जाते. दुपटे म्हणजे बाळाला गुंडाळण्यासाठी किंवा त्याच्याखाली अंथरण्यासाठी केलेली लहानशी गोधडीच होय. आत्या, मावशी, मामी, शेजारीण अशा अनेकींचा हात या बाळंतविड्याला लागलेला असतो.

नव्या जिवासाठी जुने कापड का वापरावे, असा प्रश्न एखाद्याला पडेल. त्याचे कारण व्यवहारातले आहे. नव्या सुती कापडाला खळ असते. ते अंगाला टोचते. वर्षानुवर्षे धुतलेल्या कापडातील खळ निघून गेलेली असते, त्याचा धागा मऊ झालेला असतो आणि ते ओल चटकन शोषून घेते. तान्ह्या बाळाच्या नाजूक कातडीला असेच कापड मानवते. काटकसर हेही एक कारण आहेच. जिथे एक लुगडे घेण्यासाठी वर्षभर वाट पाहावी लागे, तिथे विरलेल्या लुगड्याचा तुकडादेखील वाया जाऊ देणे परवडत नसे. परंतु या काटकसरीतूनच एक सुंदर गोष्ट साधली जाते. आजी दूर गावी असली, तरी नातवंड तिच्याच लुगड्याच्या उबेत झोपते.

दुपटे कसे शिवतात?

दुपटे शिवणे अवघड नाही. सुई-दोरा, कात्री आणि जुने सुती कापड एवढ्या साहित्यात ते होते. सुमारे ९० सेंटिमीटर लांब व तितकेच रुंद दुपटे तान्ह्या बाळाला पुरते.

प्रथम कापड स्वच्छ धुऊन उन्हात चांगले वाळवावे. ते उजेडासमोर धरून पाहावे. जिथे ते फार विरलेले दिसेल, तो भाग कापून टाकावा. रंगीत कापड असेल, तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. फडक्याला रंग लागला, तर ते कापड बाळासाठी घेऊ नये. नंतर कापडाचे चार सारखे थर एकावर एक पसरावेत. सर्वांत मऊ कापड वर आणि खाली ठेवावे. ठिगळाचे किंवा जोडाचे कापड आत घालावे.

थर सरकू नयेत म्हणून मोठमोठे कच्चे टाके घालून ते एकमेकांना टाचून घ्यावेत. हे टाचण मधूनच सुरू करून कडांकडे न्यावे. कडेकडून मध्याकडे टाचत गेल्यास सुरकुत्या मधोमध गोळा होतात आणि त्या मागाहून निघत नाहीत. मग चारही कडा आत दुमडून शिवाव्यात आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावदोऱ्याच्या सरळ, समांतर ओळी घालाव्यात. सुई कापडातून खाली-वर धावत जाते, म्हणून या टाक्याला 'धावदोरा' म्हणतात. दोरा फार ओढू नये. ओढल्यास कापड चुण्या धरते. शेवटी कच्चे टाके उसवून काढावेत.

हौस असेल तर एका कोपऱ्यात लहानसे भरतकाम करावे. देठासाठी उलटी टीप, पाकळ्यांसाठी साखळी टाका आणि फुलाच्या मध्यभागी गाठीचा टाका एवढे टाके आले, तरी एक फूल भरता येते. भरतकामाच्या लडीतील दोऱ्याला सहा पदर असतात. अशा नाजूक कामाला त्यांतील दोनच पदर घ्यावेत. बाळाच्या वस्तूला मणी, आरसे किंवा बटणे कधीही लावू नयेत. मागच्या बाजूला लांब सुटे धागे ठेवू नयेत. बाळाची बोटे त्यांत अडकतात. गाठी दोन थरांच्या मध्ये लपवाव्यात. काम संपल्यावर सुया आणि टाचण्या मोजून ठेवण्यास विसरू नये.

गोधडीचा हिशेब

दुपट्याचेच मोठे रूप म्हणजे गोधडी. महाराष्ट्राच्या काही भागांत तिला 'वाकळ' असेही म्हणतात. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटर लांब असते. त्याचे दोन-दोन मीटरचे चार थर होतात. रुंदी पुरावी म्हणून शेजारी दुसऱ्या लुगड्याचा भाग जोडून घेतात. पोटात जुनी धोतरे, परकर, सदरे यांचे तुकडे घालतात. घरातील प्रत्येकाचे काही ना काही त्या गोधडीत असते. पुढे कित्येक वर्षांनी पांघरुणावर बोट ठेवून, 'हा माझ्या शाळेतला सदरा' किंवा 'हे आईचे लग्नानंतरचे पहिले लुगडे' असे सांगता येते.

अशा कामाला किती कष्ट पडतात, याचा आपण क्वचितच विचार करतो. एक साधा हिशेब करून पाहू. ९० सेंटिमीटरच्या दुपट्यावर एकेक सेंटिमीटर अंतराने ओळी घातल्या, तर सुमारे ९० ओळी होतात. प्रत्येक सेंटिमीटरला एक टाका धरला, तर एका ओळीत ९० टाके येतात. म्हणजे एका दुपट्याला ८,१०० टाके लागतात. त्याच मापाने दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद गोधडीला ३०,००० टाके लागतील. मिनिटाला २० टाके पडतात असे मानले, तरी दुपट्याला पावणेसात तास आणि गोधडीला २५ तास लागतात. कापड धुणे, कापणे, जोडणे आणि टाचणे यांचा वेळ यात धरलेलाच नाही.

हे तास कोठून येतात? स्वयंपाक, धुणीभांडी, शेतातील मजुरी, मुलांचे संगोपन हे सारे उरकल्यावर दुपारी किंवा रात्री जो थोडा निवांतपणा मिळतो, त्यातून ते काढलेले असतात. ज्या स्त्रीजवळ स्वतःचा पैसा नसे, तिच्याजवळ देण्यासारखे एवढेच असे. ते ती आपल्या माणसाला देत असे.

इतर प्रांतांतील परंपरा

जुने कापड, साधा टाका आणि आपले माणूस या तीन गोष्टींवर उभी असलेली ही कला केवळ महाराष्ट्राची नाही. बंगालमध्ये जुन्या साड्या आणि धोतरे एकावर एक ठेवून 'कांथा' शिवतात. पूर्वी त्यासाठी साडीच्या काठांतूनच रंगीत धागे काढून घेत असत. त्याच धावदोऱ्याने बंगाली स्त्रिया कमळ, मासे, हत्ती, पालख्या आणि माणसे भरतात. पांघरूण, रुमाल, उशीचा अभ्रा, आरसा किंवा पोथी गुंडाळण्याचे वस्त्र असे कांथेचे अनेक प्रकार आहेत. लोककलांचे अभ्यासक गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी खेड्यापाड्यांतून अशा कांथा जमवल्या. त्यांत एकोणिसाव्या शतकातील एक प्रसिद्ध कांथा आहे. मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने ती आपल्या वडिलांसाठी केली आणि तसे तिने कांथेवरच टाक्यांनी लिहून ठेवले. अशा कामांच्या बहुसंख्य कर्त्या अनामिक राहिल्या. मानदासुंदरीचे नाव मात्र आज आपल्याला ठाऊक आहे, कारण तिने ते स्वतः भरून ठेवले होते.

पंजाबातील 'फुलकारी' ही नव्या कापडावर करतात. हातमागाच्या जाड खादीवर, कापडाच्या उलट बाजूने धागे मोजत मोजत, पीळ न दिलेल्या रेशमाने ती भरली जाते. आकृती कापडावर काढलेली नसते. ती भरणारीच्या डोळ्यांत आणि बोटांत असते. कापड दिसणार नाही इतके दाट भरले, की त्याला 'बाग' म्हणतात. नातवाचा जन्म झाला की आजीने त्याच्या भावी पत्नीसाठी बाग भरायला घ्यावी, अशी तेथे रीत होती. जी मुलगी अजून कोणी पाहिलेलीही नाही, तिच्यासाठी वर्षानुवर्षे टाके घालायचे! नातीच्या लग्नासाठी आजोळची आजी 'चोप' नावाचे वस्त्र भरत असे. ते दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. १९४७ च्या फाळणीत असंख्य कुटुंबांना घरदार सोडावे लागले. तेव्हा अनेकांच्या फुलकाऱ्या मागे राहिल्या, तर काहींना त्या पोटासाठी विकाव्या लागल्या.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या सिद्दी समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले आहेत. त्यांच्या स्त्रियाही जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची रंगीबेरंगी गोधडी शिवतात. तिच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात आणि त्यांना 'फुला', म्हणजे फूल, म्हणतात. कोपऱ्यावर फूल नसेल, तर गोधडी उघडीबोडकी मानली जाते. ऊब तर फुलांवाचूनही मिळाली असती. पण ज्याला द्यायचे, त्याला नुसती ऊब देऊन त्या थांबत नाहीत.

भेट आणि मजुरी

काळ बदलला आहे. नऊवारी लुगडी रोजच्या वापरात फारशी राहिली नाहीत. घरोघरी तयार रजया आणि ब्लँकेटे आली आहेत. मात्र त्याच वेळी हाताने शिवलेल्या गोधड्यांना शहरांतून मागणी येऊ लागली आहे आणि महिलांचे बचत गट त्या शिवून विकू लागले आहेत. बंगालमधील कांथाकलावंत प्रीतिकणा गोस्वामी यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी अनेक स्त्रियांना हे काम शिकवले आहे. घरातल्या कोपऱ्यात चालणारे काम आता उपजीविकेचे साधन बनले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आईने लेकीला दिलेल्या गोधडीची किंमत कोणी विचारत नाही आणि विचारूही नये. परंतु तीच गोधडी बाजारात आली, की ते २५ तासांचे काम ठरते. 'यात काय, घरबसल्या तर केलेले आहे' असे म्हणून घासाघीस करणारे गिऱ्हाईक त्या तासांचा हिशेब धरत नाही. मायेने केलेले काम पैशात मोजता येत नाही हे खरे. म्हणून विकण्यासाठी केलेल्या कामाची मजुरी बुडवावी, असा त्याचा अर्थ होत नाही. भेट ही भेटीसारखी स्वीकारावी आणि श्रमाचे दाम पुरेपूर मोजावे, हेच न्यायाचे आहे.

समारोप

पाठाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. हाताने केलेल्या भेटीत देणाऱ्याच्या आयुष्यातले काही तास असतात आणि ते कोणा एका माणसाला मनात ठेवून घालवलेले असतात. टाके थोडे वाकडे पडले, म्हणून तिचे मोल कमी होत नाही. ते कोणाच्या हातचे आहेत, हे त्यावरूनच ओळखता येते. तुम्ही असे काही शिवाल, तेव्हा त्याच्या एका कोपऱ्यात आपले नाव आणि साल अवश्य भरा. ज्याला ते द्याल, त्याच्या मुलानातवंडांनाही ते कोणी केले हे कळू द्या.

स्वाध्याय

१. बाळाच्या कपड्यांसाठी जुने कापड वापरण्याची कारणे लिहा.
२. दुपट्याचे थर टाचताना मधून सुरुवात का करावी?
३. मानदासुंदरीचे नाव आज आपल्याला कशामुळे ठाऊक आहे?
४. 'भेट ही भेटीसारखी स्वीकारावी आणि श्रमाचे दाम पुरेपूर मोजावे' या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
५. तुमच्या घरी किंवा शेजारी हाताने शिवलेली एखादी जुनी वस्तू असल्यास ती कोणी, कोणासाठी व केव्हा केली याची माहिती मिळवा आणि दहा ओळींत लिहा.