क्वांटम डॉट सेल्युलर ऑटोमेटा : बहुमतावर चालणारे परिपथ

डिजिटल परिपथ शिकविताना अँड, ऑर व नॉट ही गेट पायाभूत मानली जातात. क्वांटम डॉट सेल्युलर ऑटोमेटा अर्थात क्यूसीए या पद्धतीत मात्र पायाच निराळा आहे. अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठात क्रेग लेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ती मांडली. नावात 'क्वांटम' असले तरी हा क्वांटम संगणक नव्हे. येथील माहिती नेहमीचीच, ० किंवा १.

क्यूसीएचा सेल म्हणजे एक चौरस. त्याच्या चार कोपऱ्यांत चार डॉट आणि त्यांत दोन इलेक्ट्रॉन असतात. परस्परांना दूर लोटणारे हे इलेक्ट्रॉन समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसतात. असे कर्ण दोनच; एक म्हणजे ०, दुसरा म्हणजे १. शेजारचा सेल हीच स्थिती स्वीकारतो. म्हणून सेलांची ओळ तारेचे काम करते. तीतून विद्युतप्रवाह वाहत नाही.

अधिक चिन्हाच्या आकारात पाच सेल मांडले की मेजॉरिटी गेट तयार होते. तीन बाजूंनी इनपुट येतात, मधला सेल बहुमताप्रमाणे ठरतो आणि चौथ्या बाजूने उत्तर मिळते. एक इनपुट कायम ० ठेवल्यास अँड, १ ठेवल्यास ऑर. सेल तिरके मांडून इन्व्हर्टर करता येतो.

येथेच जुनी सवय आड येते. फुल ॲडरमधील हातचा काढण्यासाठी नेहमीच्या सूत्राने तीन अँड व दोन ऑर, म्हणजे दोन इनपुटांची पाच गेट लागतात. परंतु हातचा म्हणजे तीन बिटांचे बहुमतच. त्यास एक मेजॉरिटी गेट पुरते. संपूर्ण फुल ॲडर तीन मेजॉरिटी गेट व दोन इन्व्हर्टर यांत बसतो.

दुसरी बाब घड्याळाची. सेलांचे चार विभाग पाव-पाव चक्राच्या अंतराने चालतात. त्यामुळे इनपुटांच्या वाटेत विभागांची संख्या असमान असेल, तर ती एकाच वेळी गेटपाशी पोहोचत नाहीत आणि उत्तर चुकते. आराखडा हाच येथे वेळेचा हिशेबही असतो. तो तपासण्यासाठी कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात 'क्यूसीएडिझायनर' ही प्रणाली तयार झाली.

सेलचा प्रयोग १९९७ मध्ये आणि मेजॉरिटी गेटचा १९९९ मध्ये यशस्वी झाला. परंतु निरपेक्ष शून्याच्या अगदी निकटच्या तापमानात. सेल जितका लहान, तितकी उष्णतेची बाधा कमी. अणूएवढ्या डॉटांचे ऑर गेट २०१८ मध्ये अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले, तेही अतिथंड अवस्थेतच. बाजारात न आलेले हे तंत्र वर्गात मात्र उपयोगी आहे. तीन इनपुटांचे सत्यता कोष्टक फळ्यावर मांडले, की अँड-ऑर ही तर्काची एकमेव भाषा नव्हे, हे विद्यार्थ्याला स्वतःच पडताळता येते.