मुलांचे हॉस्पिस : थोडक्यात

पॅलिएटिव्ह केअर : दुखणे, धाप, उलट्या, भीती कमी करणारी सेवा. मुलांसाठी ती निदानापासूनच सुरू व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूळ उपचार थांबवावे लागत नाहीत.

हॉस्पिस : अशी सेवा देणारे केंद्र. मोठ्यांसाठी बहुधा अखेरचा टप्पा. मुलांचे तसे नाही. कर्करोगाखेरीज स्नायूंचे, मेंदूचे, जन्मजात आजार असलेली मुलेही येतात. काही चार-आठ दिवस राहून घरी परततात. तेवढीच आईला रात्रीची सलग झोप.

मॉर्फिन : तीव्र वेदनांवरचे औषध. मुलांना डोस वजनानुसार. अमली पदार्थ कायद्याच्या २०१४च्या दुरुस्तीने ते मिळवणे सोपे झाले, निदान कागदावर.

पहिली केंद्रे
• मुलांचे, जगात : हेलन हाऊस, ऑक्सफर्ड, १९८२
• भारतातले पहिले हॉस्पिस : शांती आवेदना सदन, वांद्रे, १९८६
• पुण्यात : सिप्ला केंद्र, वारजे, १९९७. कर्करुग्णांसाठी, विनामूल्य, घरचे माणूस सोबत राहू शकते



दिवस : ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, जागतिक हॉस्पिस दिन. दुसरा शुक्रवार मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचा. त्या दिवशी जनजागृतीसाठी लोक टोप्या घालतात.