रेडिएटरात पाणी कोणते घालावे?

बार्शी तालुक्यात द्राक्षबागांची फवारणी, तुरीची मळणी, रब्बी ज्वारीची पेरणी अशी अनेक कामे आता ट्रॅक्टरच्या साह्याने होतात. ही कामे वेळेवरच व्हावयास हवीत. ऐन फवारणीच्या दिवशी इंजिन तापून बंद पडले, तर दुरुस्तीच्या खर्चाहून बागेचे नुकसान मोठे ठरते. अशा बिघाडाचे मूळ पुष्कळदा रेडिएटरात ओतलेल्या पाण्यात असते.

विहिरीच्या पाण्याचा दोष

येथील विहिरी व कूपनलिका काळ्या पाषाणात खोदलेल्या आहेत. त्यांच्या पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, ते पाणी जड समजावे. असे पाणी तापले की क्षार वेगळे होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांना आतून चिकटतात. पाणी वाफ होऊन उडते, क्षार मात्र मागे राहतात. वरून पुन्हा विहिरीचे पाणी घातले की थर वाढतच जातो. हा थर उष्णता बाहेर पडू देत नाही. शिवाय नुसत्या पाण्याने लोखंड गंजते. शेवटी हेडचे गॅस्केट जळते किंवा पिस्टन धरतो.

१८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेवर वाफेची इंजिने धावत. अशा इंजिनांचे बॉयलर ठरावीक मुदतीने धुवावे लागत, ते याच क्षारांमुळे.

कूलंटचे कार्य

कूलंटमध्ये मुख्यतः ग्लायकॉल व गंजरोधक द्रव्ये असतात. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून ग्लायकॉल वापरतात. बार्शीस ते भय नाही. येथे दोन निराळे लाभ आहेत. गंज रोखला जातो आणि द्रव उशिरा उकळतो. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण सुमारे १०७ अंश सेल्सियसला उकळते. तथापि उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस असल्याने निव्वळ कूलंट कधीही भरू नये.

घ्यावयाची काळजी

१. इंजिन पूर्ण निवाल्यावरच झाकण उघडावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. धातूस तडा जाण्याचा संभव असतो.

२. तयार मिश्रण तसेच भरावे. घट्ट कूलंट असल्यास ते डिस्टिल्ड पाण्यात, ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील प्रमाणाने मिसळावे. विहिरीच्या पाण्यात मिसळल्यास क्षारांचा दोष कायम राहतो. दोन जातींचे कूलंट एकत्र करू नये.

३. अडचणीत साधे पाणी घालावे लागल्यास काम आटोपताच ते काढून योग्य मिश्रण भरावे.

४. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा व कचरा वेळोवेळी काढावा.

५. ग्लायकॉल गोड पण विषारी असते. काढलेले कूलंट गोठ्याजवळ वा ओढ्यात ओतू नये. मुले व जनावरे यांपासून दूर ठेवावे.

विहिरीवरील ज्या डिझेल इंजिनातून पंपाचेच पाणी वाहून बाहेर जाते, त्यास कूलंटचा उपयोग नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याचे सोपे प्रात्यक्षिक करून दाखवावे. एका भांड्यात गावच्या विहिरीचे व दुसऱ्यात तितकेच डिस्टिल्ड पाणी पूर्ण आटवावे. पहिल्या भांड्यात उरलेला पांढरा थर शेतकऱ्यांना दाखवावा. इंजिनात काय साचते, हे मग निराळे सांगावे लागणार नाही.