सत्तेवरची सत्ता

गणेशोत्सवात कीर्तनास उभा राहिलो, की श्रोतृवृंदातून ‘ध’चा ‘मा’ केल्याच्या आख्यानाची मागणी हमखास येते. परंतु त्या आख्यानाचा खरा नायक कारस्थान करणाऱ्यांत नाही. तो न्यायासनावर आहे.

रीतीप्रमाणे प्रथम पूर्वरंग. कायद्याला अधिकार येतो कोठून? राजाच्या खड्गातून, असे वरवर पाहता वाटते. बृहदारण्यकोपनिषद मात्र निराळे सांगते. चारी वर्ण निर्माण करूनही ब्रह्माचे कार्य अपुरेच राहिले. तेव्हा त्याने धर्म निर्माण केला. हा धर्म क्षत्राचेही क्षत्र, म्हणजे सत्तेवरची सत्ता होय. त्याच्या आधारे दुबळाही बलिष्ठाला जाब विचारू शकतो. धर्म आणि सत्य ही दोन नव्हेत, असेही तेथे सांगितले आहे. मनूने या तत्त्वाला व्यवहारात उतरविले. ज्या अपराधास सामान्य जनाला एक कार्षापण दंड, त्याच अपराधास राजाला सहस्र!

आता उत्तररंग. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वध केला. चुलते रघुनाथराव सत्तेवर आले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष त्यांच्याच माथी ठेवला. प्रायश्चित्त विचारता शास्त्रीबुवांनी ‘देहान्त’ सांगितले आणि पुणे सोडले, अशी परंपरा आहे. त्यांच्यापाशी ना फौज होती, ना शिबंदी. रघुनाथरावांना ते शासन कधी झालेही नाही. मग तो निर्णय व्यर्थ गेला काय? नाही. शासन टळले, पण दोष टळला नाही. बारभाईंच्या राजवटीत शास्त्रीबुवा पुन्हा न्यायासनावर आले, आणि आज अडीचशे वर्षांनंतरही निःस्पृह न्यायाचे नाव रामशास्त्री हेच आहे.

स्मृतींनी वर्णपरत्वे दंडात भेद केला, हेही कीर्तनकाराने झाकून ठेवू नये. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या चौदाव्या कलमाने कायद्यापुढे सर्वांना समान मानले. दुबळ्याला आधार देणारे ते उपनिषदातील तत्त्व तेथे अधिक निर्मळ झाले, असे मी मानतो.

भाविकहो, न्यायाचे पहिले आसन आपल्या घरातच असते. लहानाच्या चुकीला शिक्षा आणि थोराच्या चुकीला पांघरूण, ही रीत जेथे चालते, तेथे धर्म केवळ पोथीत उरतो. आज आरती झाल्यावर घरातील कर्त्या माणसाने आपली एखादी चूक मुलांदेखत कबूल करावी. विघ्नहर्त्याला तो नैवेद्य खचित आवडेल.